एकविशीतला पॉल आणि कातडीतले राखणदार

वय वर्षं २१. मेडिकलचा विद्यार्थी. शहर बर्लिन, साल १८६८. बर्लिन युनिव्हर्सिटीनं विद्यार्थ्यांसाठी एक खुली स्पर्धा ठेवलेली आणि पॉल लँगरहान्स नावाचा हा मुलगा त्यासाठी माणसाच्या कातडीचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली सरकवत बसलेला. प्रश्न साधाच होता. सुई टोचली की आपल्याला कळतं, गरम भांड्याला हात लागला की कळतं, मग कातडीतले मज्जातंतू नेमके कुठवर पोहोचतात? वरच्या थरात त्यांची टोकं असतात का?

मज्जातंतू नुसते बघून दिसत नाहीत, त्यांना रंग द्यावा लागतो. त्या काळात रंग द्यायची सगळ्यात नवी युक्ती होती गोल्ड क्लोराइडची. हो, सोन्याचंच संयुग. युलियस कोनहाइम या तरुण संशोधकानं ती शोधलेली, आणि पॉल ती त्याच्याकडूनच शिकला. कातडीचा तुकडा या द्रावणात बुडवायचा, मग प्रकाशात ठेवायचा, की मज्जातंतू गडद जांभळे-काळे होऊन उठून दिसतात. कधी फार छान जमतं, कधी अख्खा तुकडा काळा पडतो. लहरी प्रकार. प्रॅक्टिकलला स्लाइड बिघडवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पॉलच्या स्लाइडवर मज्जातंतू तर दिसलेच, पण एपिडर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या कागदासारख्या पातळ थरात, आणखी काहीतरी काळं दिसलं. छोटे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला फांद्या. जणू पानं झडलेलं झाड. बऱ्याच फांद्या कातडीच्या पृष्ठभागाकडे गेलेल्या आणि एखादी आतल्या बाजूला उतरलेली. त्याआधी कुणी याची नोंद केली नव्हती.

पॉलनं निष्कर्ष काढला की सोन्यानं मज्जातंतू रंगतात, या पेशीही रंगल्या, आकारही मज्जापेशींसारखाच फांद्यांचा, तेव्हा या मज्जासंस्थेच्याच पेशी असणार, बाहेरचा स्पर्श टिपणाऱ्या. माणसाच्या त्वचेतल्या मज्जातंतूंवरचा हा निबंध त्याच वर्षी छापून आला. निरीक्षण शंभर टक्के बरोबर, अर्थ चुकलेला. आणि हा चुकलेला अर्थ दुरुस्त व्हायला पुढची शंभरेक वर्षं जायची होती.

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७चा, बर्लिनचाच. वडील डॉक्टर, शहराच्या राजकारणातही नाव असलेले. घरात पुस्तकं, पैसा, ओळखीपाळखी, सगळं होतं. पण तो लहान असतानाच आई क्षयानं गेली. तेव्हा क्षयाचा जंतू कुणाला माहीत नव्हता, हा रोग घराण्यात चालत येतो असंच बहुतेक डॉक्टर मानायचे. ज्या मुलाची आई क्षयानं गेली, त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेनं बघत असतील, याची कल्पना करता येते.

शाळा झाली आणि तो येना इथं मेडिकलला गेला. तिथं अर्न्स्ट हेकेल शिकवायचे. डार्विनचा विचार जर्मनीत घरोघरी पोहोचवणारे हेच ते. समुद्रातल्या चिमुकल्या जीवांचं वेड पॉलला त्यांच्यामुळेच लागलं असावं, कारण पुढे आयुष्याच्या सगळ्यात वाईट काळात तेच त्याच्या कामी आलं. येनाहून तो बर्लिनला परतला आणि रुडॉल्फ फिर्खो यांच्या संस्थेत शिरला. रोग शोधायचा तर पेशीत शोधा, असं साऱ्या जगाला शिकवणारा हा माणूस. मायक्रोस्कोपवर जीव असलेल्या पोरासाठी याहून भारी जागा नव्हती.

एखाद्याला कातडीच्या शोधावर समाधान मानता आलं असतं. याला नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६९मध्ये, त्यानं डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय सशाचं स्वादुपिंड. पचनाचा रस तयार करणारा हा अवयव, त्यात कोणकोणत्या पेशी आहेत ते त्यानं मोजून, वेगवेगळं करून मांडलं. त्यात एक नोंद अशी की, मधूनमधून फिकट, बहुकोनी पेशींचे छोटे पुंजके दिसतात, पाव मिलिमीटरपेक्षाही लहान. रस वाहून नेणाऱ्या नळ्यांशी त्यांचा काही संबंध दिसत नाही. मग त्यांचं काम काय? पॉलनं सरळ लिहून टाकलं की ते मला सांगता येत नाही.

मला या माणसात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. फायनल सबमिशन आहे, समोर फिर्खोंसारखे लोक, आणि पोरगा उगाच थिअरी ठोकून न देता कबूल करतो. कातडीच्या बाबतीत वर्षभरापूर्वी त्यानं थोडी घाई केली होती. इथं नाही केली.

हे दोन शोध एकवीस वर्षांच्या आत-बाहेर लागलेले, आणि आज दोन्हींना त्याचंच नाव आहे. स्वादुपिंडातले पुंजके म्हणजे लँगरहान्सची बेटं, इन्सुलिन तयार होतं ती जागा. बारावीच्या बायोलॉजीत ती सगळ्यांनी पाठ केलेली असतात. कातडीतल्या लँगरहान्स पेशी मात्र सिलॅबसमध्ये फारशा नसतात, म्हणून आज जरा त्यांच्याबद्दलच.

पण आधी एक तिसरी गोष्ट, जिच्यावर कुणाचं नाव लागलं नाही. त्याच सुमारास पॉल आणि एफ. ए. हॉफमन या सहकाऱ्यानं मिळून प्राण्यांच्या रक्तात हिंगूळ सोडला. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लालभडक खनिज, रंगासाठी वापरतात ते. हे लाल कण शरीरात कुठं जातात, ते त्यांना बघायचं होतं. कण सापडले पांढऱ्या पेशींच्या पोटात, आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथं ठाण मांडून बसलेल्या काही पेशींत. म्हणजे बाहेरून आलेला कचरा गिळून टाकणाऱ्या, जागच्या जागी राहणाऱ्या पेशी शरीरात आहेत, हे याच पोरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या कातडीतल्या फांदीवाल्या पेशी या राखणदारांच्याच जातकुळीतल्या आहेत, हे मात्र त्याच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. तसं सुचवणारं काहीच त्या काळात हाती नव्हतं.

१८७०मध्ये हाइनरिश कीपर्ट या भूगोलतज्ज्ञासोबत तो इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाइन असा फिरून आला. पॅलेस्टाइनमध्ये त्यानं कुष्ठरोग्यांची पाहणी केली. हान्सेननं नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू दाखवला तो १८७३मध्ये, म्हणजे पॉल ज्यांच्यासमोर उभा होता त्यांना नेमकं काय झालंय, हे त्याला किंवा कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे. आणि त्यात एक गंमत आहे. २००४मध्ये प्रयोगशाळेत दिसून आलं की कुष्ठरोगाच्या जंतूवरचा एक मेदयुक्त पदार्थ पकडून तो शरीराच्या सैनिक पेशींना दाखवण्याचं काम लँगरहान्स पेशी फार चांगलं करतात. ज्या रुग्णांच्या शरीरात जंतू बेसुमार वाढलेले असतात त्यांच्या चट्ट्यांत या पेशी कमी दिसतात, आणि ज्यांचं शरीर जंतूला बऱ्यापैकी रोखून धरतं त्यांच्यात जास्त. दोन वर्षांपूर्वी स्वतःच शोधलेली पेशी समोरच्या माणसाच्या कातडीत लढतेय किंवा हरतेय, आणि पॉलला त्याचा पत्ता नाही.

प्रवासातून परतला तोवर फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलेलं. त्यानं जखमींच्या तुकडीत काम केलं. युद्ध संपल्यावर लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस, आणि तिथून फ्रायबुर्गला नोकरी. काम शवविच्छेदनाचं आणि शिकवण्याचं. पंचविशी ओलांडताच प्रोफेसर. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सेट.

१८७४मध्ये त्याला क्षय झाला. विच्छेदनाच्या टेबलावरूनच लागण झाली असावी, असं म्हटलं जातं.

वय २७. औषध असं काही नव्हतंच. डॉक्टर सांगायचे हवापालट करा. तो नेपल्सला गेला, कॅप्रीला गेला, पालेर्मोला गेला, स्वित्झर्लंडच्या डोंगरात राहून आला. काही उपयोग झाला नाही. युनिव्हर्सिटीतून मोकळं करा, अशी विनंती त्याला करावी लागली. १८७५मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या मडेरा बेटावर पोहोचला. पोर्तुगालचं बेट, फुंशाल हे मुख्य गाव. हो, मडेरा वाइनवालंच. तिथली उबदार हवा छातीच्या रोग्यांना मानवते असा लौकिक होता, त्यामुळे युरोपभरचे पैसेवाले क्षयरोगी तिथं हिवाळे काढायचे. काही बरे होऊन परतायचे, बरेच जण तिथंच मातीआड व्हायचे.

पॉलला तिथली हवा खरंच मानवली. आजार गेला नाही, पण दबला. आता हा माणूस रिकामा बसणार का? प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत, पण समोर अटलांटिक महासागर आहे. त्यानं समुद्रातले वलयांकित किडे गोळा करायला सुरुवात केली, अंगावर राठ केस असणारे, गांडुळाचे लांबचे नातेवाईक. हेकेल सरांनी लावलेलं वेड इथं उपयोगी आलं. मडेराच्या या कृमींवर त्यानं कित्येक वर्षं निबंधांची मालिका लिहिली, अनेक जाती पहिल्यांदा नोंदवल्या. एका प्रजातीचं नाव त्यानं ठेवलं फिर्खोविया. आपल्या गुरूचं नाव समुद्रातल्या किड्याला देणं ही आपल्याकडे कदाचित चेष्टा वाटेल, पण प्राणिशास्त्रात हा मोठा मान. १८८५मध्ये त्यानं मडेरावर एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. तिथं येणाऱ्या रुग्णाला बेटाबद्दल जे जे माहीत हवं, ते त्यात होतं.

शिवाय फुंशालमध्ये तो प्रॅक्टिस करायचा. रुग्ण बहुतेक क्षयाचेच. स्वतः तोच रोग छातीत घेऊन हा डॉक्टर दुसऱ्यांच्या छातीला कान लावायचा. १८८२च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला, त्याच बर्लिनमध्ये, जिथं पॉल वाढला. फुंशालच्या डॉक्टरला निदान शत्रू कोण हे कळलं. त्यावर औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

१८८५मध्ये त्यानं लग्न केलं. मार्गारेट ही त्याच्याच एका दिवंगत रुग्णाची विधवा. दोघांनीही क्षय जवळून पाहिलेला, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नसेल. संसार फक्त तीन वर्षांचा झाला. १८८७च्या शरद ऋतूत पायांवर सूज आली, डोकं दुखू लागलं, गोष्टी आठवेनाशा झाल्या. मूत्रपिंडं निकामी होत होती. २० जुलै १८८८ला तो गेला. चाळीस वर्षं पूर्ण, एकेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर. फुंशालच्या इंग्रजी दफनभूमीत त्याची कबर आहे. शांत, एकाकी जागा म्हणून त्यानं ती आधीच मनात हेरून ठेवली होती.

त्यानंतर एकच वर्ष गेलं. १८८९मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला मधुमेह झाला. १८९३मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी त्या पुंजक्यांना लँगरहान्सची बेटं असं नाव दिलं. १९२१-२२मध्ये टोरंटोत इन्सुलिन हाती आलं, आणि इन्सुलिन हा शब्दसुद्धा बेट या लॅटिन शब्दावरूनच आला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

कातडीतल्या पेशींचं नशीब मात्र फारच उशिरा उघडलं. त्या मज्जापेशी नाहीत हे लोकांना हळूहळू पटत गेलं, पण मग आहेत कोण? बरीच वर्षं एक मत असं होतं की या झिजलेल्या रंगपेशी आहेत, कातडीला काळा-सावळा रंग देणाऱ्या पेशी म्हाताऱ्या होऊन वर सरकल्या की अशा दिसतात. १९६१मध्ये लंडनच्या मायकेल बर्बेक आणि सहकाऱ्यांनी कोड आलेल्या रुग्णांची कातडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली. कोडात रंगपेशीच नाहीशा होतात, लँगरहान्स पेशी मात्र तिथं दिसत होत्या. आणि त्यांच्या आत एक विचित्र वस्तू होती, दांडी आणि पुढे फुगा, हुबेहूब टेनिसची रॅकेट. ही खूण दुसऱ्या पेशींत नव्हती. म्हणजे या पेशींना आता स्वतःचं ओळखपत्र मिळालं.

काम काय, ते कळायला १९७३ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये इंगा सिल्बरबर्ग या संशोधक पाऱ्याची अॅलर्जी असणाऱ्यांच्या कातडीवर पारा लावून तपासत होत्या. काही तासांतच लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या सैनिक पेशी, लँगरहान्स पेशींना येऊन चिकटलेल्या दिसल्या. त्याच शहरात, त्याच वर्षी राल्फ स्टाइनमन यांनी उंदराच्या प्लीहेत फांद्या असलेल्या वेगळ्याच पेशी शोधून त्यांना डेंड्रायटिक सेल असं नाव दिलं. त्या पेशी सैनिकांना शत्रू ओळखायला शिकवतात, हे त्यांनी दाखवलं. लँगरहान्स पेशी याच कामातल्या निघाल्या. स्टाइनमन यांना २०११चं नोबेल जाहीर झालं, पण घोषणेच्या तीन दिवस आधीच ते वारले होते. या पेशींच्या वाट्याला आलेल्या माणसांचं वेळेशी कधी जमलंच नाही, असं वाटून जातं.

आता आपल्यापुरतं बोलू. वरच्या थरातल्या दर शंभर पेशींत दोन ते पाच लँगरहान्स पेशी असतात. बाकीच्या विटा, या राखणदार. फांद्या पसरून बसलेल्या असतात आणि गरज पडली की भिंत न फोडता फांदीचं टोक विटांच्या फटीतून वर काढून बाहेर काय आलंय ते चाखतात. काही संशयास्पद सापडलं तर जागा सोडून जवळच्या लसीका गाठीत जातात आणि सैनिकांना नमुना दाखवतात. आर्टिफिशियल कानातल्यांनी कान चिघळणं, जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली खाज उठणं, हे निकेलचं काम. पहिल्यांदा काहीच होत नाही, कारण तेव्हा फक्त ओळख पटवली जाते. पुन्हा स्पर्श झाला की एक-दोन दिवसांत पुरळ.

पण थांबा, यात लँगरहान्स पेशी खलनायक आहेत की पंच? २००५मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या कातडीतून या पेशी काढून टाकल्या आणि अॅलर्जी उठवून पाहिली. एका गटाला अॅलर्जी वाढलेली दिसली, दुसऱ्याला कमी झालेली, तिसऱ्याला जशीच्या तशी. एकाच वर्षात तीन उत्तरं! आज साधारण समज असा की परिस्थितीनुसार या पेशी भडकवतातही आणि शांतही करतात. रोजची धूळ, त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू यांच्याबाबत तर गप्प बसायला शिकवणं हेच त्यांचं मोठं काम असावं.

शिवाय या खरोखर रहिवासी आहेत. जन्माआधीच, गर्भात असताना त्यांचे पूर्वज कातडीत येऊन बसतात आणि एरवी तिथल्या तिथं वाढत राहतात. दुसऱ्याचा हात बसवलेल्या एका रुग्णात चार वर्षांहून अधिक काळानंतरही त्या हातावर मूळ मालकाच्याच लँगरहान्स पेशी नांदत होत्या.

त्यांच्या शेजाऱ्यांचीही वस्ती मोठी आहे. माणसाच्या कातडीत अंदाजे २० अब्ज टी पेशी राहतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. सोरायसिस औषधानं जातो आणि पुन्हा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर का उगवतो, याचं उत्तर यांच्यात आहे. २००४मध्ये सोरायसिस असलेल्या रुग्णांची वरून स्वच्छ दिसणारी कातडी उंदरांवर बसवली. या उंदरांना स्वतःची कामाची प्रतिकारशक्ती नव्हती. तरी त्या तुकड्यावर सोरायसिस उमटला. बाहेरून कुणी आलंच नव्हतं. कातडीतच राहणाऱ्या टी पेशी वाढल्या आणि त्यांनीच तो उठवला. एखादी गोळी घेतली की दरवेळी अगदी त्याच जागी काळपट डाग उठतो, तोही अशाच मुक्कामी पेशींचा उद्योग. कोड परततो, त्यामागेही त्याच. त्वचारोगाच्या औषधांचं बरंच नवं संशोधन म्हणूनच चट्टा घालवण्यापलीकडे, या मुक्कामी आठवणींना कसं उठवून लावायचं याच्यामागे लागलंय.

राहता राहिला तो आजार ज्याला थेट पॉलचं नाव आहे. लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. दुर्मीळ, जास्त करून लहान मुलांत. डोक्यात कोंड्यासारखं पुरळ, हाडात पोकळ्या, कधी आणखी आतले अवयव. पूर्वी याला नुसतं हिस्टिओसायटोसिस एक्स म्हणायचे, एक्स म्हणजे काय ते माहीत नाही म्हणून. मग या आजाराच्या पेशींतही ती टेनिस रॅकेट सापडली, आणि १९८०च्या दशकात नाव बदललं. २०१०मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांत बीआरएएफ या जनुकात एकच ठरावीक बिघाड आढळला, आणि आज त्या बिघाडावर नेम धरणारी औषधं काही मुलांना दिली जातात. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात या पेशींची जनुकं तपासली, तर त्या कातडीतल्या लँगरहान्स पेशींपासून नव्हे, तर अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशींपासून आल्या असाव्यात असं दिसलं. आजाराचं नाव बदलायच्या भानगडीत मात्र अजून कुणी पडलेलं नाही.